जुना रेंजफाइंडर घ्यायला जाताय? खिशात बॅटरी आणि टॉर्च घेऊन जा

हल्ली ओळखीतली बरीच मंडळी एकच प्रश्न विचारतात, फिल्म कॅमेरा घ्यायचाय, जुना, नीट फोटो काढणारा, पण एसएलआरसारखा लेन्स बदलायचा व्याप नको, तर कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, फिक्स्ड लेन्स रेंजफाइंडर घ्या, आणि कुठला मॉडेल हे नंतर बघू, आधी तो कॅमेरा जिवंत आहे का ते बघायला शिका. पन्नास वर्षं जुन्या वस्तूत नावाला फार किंमत नसते, समोरचा पीस कसा आहे याला असते.

मी इथे मुख्यतः यशिका इलेक्ट्रो ३५ बद्दल लिहितोय कारण माझ्या हातात सगळ्यात जास्त तोच राहिलाय, मामाचा होता, अजून चालतो. बाकीच्यांचं मध्ये मध्ये येईल.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं की मधोमध एक छोटा पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या गोष्टीच्या दोन प्रतिमा दिसतात, एकीवर एक सरकलेल्या. लेन्सवरची फोकसची रिंग फिरवली की त्या जवळ येतात आणि जिथे दोन्ही एक होतात तिथे फोकस. लेन्समधून आपण बघतच नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. एवढं एक लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या गोष्टी यातूनच येतात. आणि एक, कपाटात यशिका लिहिलेला कॅमेरा सापडला म्हणजे तो रेंजफाइंडर असेलच असं नाही. आपल्याकडे बऱ्याच घरात एमएफ-२ निघतो, तो फिक्स फोकसचा आहे, त्यात हे काही नाही.

इलेक्ट्रो ३५ पहिल्यांदा आला १९६६ ला. पुढे १९७३ च्या सुमारास जीएसएन आणि जीटीएन आले, जीएसएन चंदेरी आणि जीटीएन काळा, आणि वर फ्लॅशसाठी हॉट शू. लेन्स या सगळ्यांना ४५ एमएम एफ १.७, यशिनॉन, आणि ती लेन्स खरंच सुंदर आहे, त्वचेचे रंग फार छान उतरतात. वजन जवळपास पाऊण किलो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, आपण ठरवायचं (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), आणि शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत.

कॅनॉनेट क्यूएल१७ जी-थ्री यापेक्षा छोटा आणि हाताला हलका, तिथे उलटं, शटर आपण ठरवायचं आणि ॲपर्चर कॅमेरा. त्याचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी नसली तरी सगळं मॅन्युअल चालतं, फक्त मॅन्युअलवर मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, बंद असतो. ऑलिंपस ३५ आरसी अजून छोटा, खिशात जाईल असा, लेन्स मात्र एफ २.८. मिनोल्टा हाय-मॅटिक ७एस आणि कोनिका ऑटो एस२ हे दोन्ही मोठे, एफ १.८ लेन्सवाले, आणि लोकांचं लक्ष कमी असल्यामुळे कधी कधी चांगल्या भावात मिळतात. यातला जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्या, यात वाईट कुठलाच नाही.

कुठे मिळतात? पहिली जागा आपलंच घर आणि नातेवाईक. लग्नात, मुंजीत कोण फोटो काढायचं ते आठवा आणि त्यांना फोन करा, कपाटात वरच्या कप्प्यात चामड्याच्या केसमध्ये पडलेला असतो. त्यानंतर मुंबईत चोर बाजार, फोर्टात बोरा बाजारच्या गल्ल्या, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. ऑनलाइन जपानमधले विक्रेते चांगले पीस देतात, फोटो भरपूर टाकतात, पण कस्टम ड्युटी आणि शिपिंग धरून किंमत कुठल्या कुठे जाते, तो हिशोब आधी करा.

बाजारात "एकदम चालू पीस है" हे वाक्य प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल ऐकू येईल. विकणारा खोटंच बोलतो असं नाही, त्याने फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढून खटका दाबून बघितलेला असतो आणि आवाज आला म्हणजे चालू. इलेक्ट्रोमध्ये नेमकं हेच फसवं आहे, कारण बॅटरी नसतानाही त्याचं शटर १/५०० ला पडतं, आवाज येतो, सगळं ठीक वाटतं. मी माझा दुसरा इलेक्ट्रो असाच घेतला होता, आवाज ऐकून, आणि घरी आल्यावर बॅटरी घातली तर एकही दिवा लागेना. आत वायर हिरवी होऊन तुटलेली होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी खिशात तीन गोष्टी नेतो, ६ व्होल्टची बॅटरी, छोटा टॉर्च, आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा एक तुकडा.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगतो. हा कॅमेरा ५.६ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालायचा, ती आता बनत नाही. तिच्या जागी ४एलआर४४ नावाची ६ व्होल्टची बॅटरी चालते, कॅमेऱ्याच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, ऑनलाइन तर मिळतेच, आणि थोड्या जास्त व्होल्टेजने एक्स्पोजरमध्ये काही फरक जाणवत नाही. फक्त ती मूळ बॅटरीपेक्षा लांबीला पण कमी आणि जाडीला पण कमी. म्हणून तिच्याभोवती जाड कागदाची नळी गुंडाळायची आणि उरलेल्या जागेत फॉइलचा घट्ट बोळा किंवा स्प्रिंग भरायची. अधिक-उणे बघून घाला. फॉइलचा बोळा बॅटरीच्या फक्त एका टोकाला लागला पाहिजे, बाजूने पसरून दोन्ही टोकांना लागला तर शॉर्ट होईल, म्हणून कागदाची नळी महत्त्वाची.

मागच्या बाजूला बॅटरी चेकचं बटण आहे, ते दाबलं की हिरवा दिवा लागला पाहिजे. लागला की अर्धी लढाई झाली. नाही लागला तर बॅटरीच्या कप्प्यात टॉर्च मारा. हिरवट-पांढरी पावडर दिसली म्हणजे जुनी बॅटरी आत फुटलेली आहे, वरवरची असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन साफ होते पण आत वायरपर्यंत गेलेली असेल तर मेकॅनिकचं काम. आणि आत अजून मूळ पाऱ्याची बॅटरी सापडली तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

आता मीटर खरंच काम करतोय का. पुढून बघितलं तर व्ह्यूफाइंडरजवळ एक छोटी गोल खिडकी दिसेल, तो मीटरचा डोळा. लिव्हर ओढा, लेन्सवरची रिंग ऑटोवर ठेवा, त्या डोळ्यावर बोट घट्ट धरा आणि खटका दाबा. शटर उघडल्याचा टिक आवाज येईल आणि मग बराच वेळ काहीच नाही, आणि नंतर बंद झाल्याचा टक. आता बोट काढून ट्यूबलाइटकडे धरून दाबा, टिक-टक जवळजवळ एकत्र आले पाहिजेत. दोन्ही वेळेला आवाज सारखाच आला तर मीटर गेलाय, भाव करायलाही थांबू नका. ही एक चाचणी शिकलात तरी हा लेख कामाला आला असं मी म्हणेन.

खटका पूर्ण न दाबता अर्धा दाबला की दिवे लागतात. लाल म्हणजे उजेड जास्त, पिवळा म्हणजे स्पीड १/३० च्या खाली जातोय. डोळ्यावर बोट धरलं की पिवळा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून उन्हात धरलं की लाल, असं दोन्ही बघून घ्या.

आणि लिव्हर ओढताना कान द्या. तब्येतीत असलेल्या इलेक्ट्रोमध्ये लिव्हर ओढताना आतून एक ठोस "ठक्" येतो. तो येत नसेल तर आतला एक छोटासा रबराचा पॅड झिजून विरघळलाय असं समजायचं. इलेक्ट्रोचा हा सगळ्यात प्रसिद्ध आजार, यात एक्स्पोजर भरकटतं. दुरुस्त होतं, पण वरचं कव्हर काढून आत शिरावं लागतं, तेव्हा तो खर्च भावातून वजा करा.

मग लेन्स. मागचं झाकण उघडायला रिवाइंडची, म्हणजे संपलेला रोल परत गुंडाळायची, मूठ वर ओढायची. बॅटरी घातलेली असताना ऑटोऐवजी बी वर ठेवा, त्यावर खटका दाबून धरला तोवर शटर उघडं राहतं, ॲपर्चर एफ १.७, खटका दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. कडेला थोडी असेल आणि भाव कमी असेल तर घ्या, मधोमध पसरलेली असेल तर सोडून द्या, काचेचं कोटिंग खाल्लेलं असतं आणि साफ केलं तरी डाग राहतात. दुधासारखी सरसकट धूसर लेन्स असेल तर उजेडाच्या दिशेने काढलेले सगळे फोटो फिके येतील. मुंबई-कोकणातले कॅमेरे बघताना ही पायरी कधीच गाळू नका, चार महिने पावसाची हवा लागलेली असते.

रेंजफाइंडर तपासायचा तो लांबच्या वस्तूवर. फोकस रिंग इन्फिनिटीला (आडव्या आठाच्या खुणेला) लावा आणि एक किलोमीटरवरची पाण्याची टाकी नाहीतर मोबाइल टॉवर बघा, रात्री चंद्र. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. आडव्या सरकलेल्या असतील किंवा एक वर एक खाली असेल तर ॲडजस्टमेंट हवी, ती होते. पिवळा चौकोन दिसतच नसेल तर आतला आरसा गेलेला असू शकतो आणि ते काम त्रासाचं आहे. बाजाराच्या गल्लीत एक किलोमीटर लांबचं काही दिसत नाही, तेव्हा दुकानदाराला सांगून रस्त्याच्या तोंडापर्यंत जा, बहुतेक जण जाऊ देतात.

कॅनॉनेट घेत असाल तर त्याच्या बॅटरीची गोष्ट वेगळी आहे. तिथे १.३५ व्होल्टची पाऱ्याची बटण बॅटरी होती आणि मीटर व्होल्टेजबाबतीत हट्टी आहे, १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर रीडिंग चुकतं. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी घ्या, ती १.४ व्होल्ट देते आणि स्थिर देते, फक्त आकाराने लहान म्हणून भोवती रबराची रिंग लावायची. स्टिकर काढल्यावर ती वापरा न वापरा काही आठवड्यांत उतरत जाते, तेव्हा एक पाकीट जवळ असू द्या.

कॅमेरा घरी आला की लगेच रोल घालू नका. मागचं झाकण उघडून कडेच्या खाचा बघा, तिथे काळा फोम असायचा जो आता डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो उजेड अडवायला असतो, गेला की फोटोवर नारिंगी पट्टे येतात. टूथपिकला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो सगळा काढा, खाली जुना पेपर पसरा आणि तो चिकटा शटरच्या पात्यांवर पडू देऊ नका. त्याच्या जागी पातळ फोमच्या पट्ट्या मिळतात, आणि नाही मिळाल्या तर विणायची काळी लोकर खाचेत दाबून बसवली तरी उत्तम चालते, माझ्या कॅमेऱ्यात तीच आहे. एका दुपारचं काम. पात्यांवर तेल वगैरे अजिबात सोडू नका, ती कोरडीच चालायची असतात, आणि काही अडलं तर जोर लावू नका.

आता रोल भरणं. सावलीत भरा. फिल्मची जीभ उजवीकडच्या स्पूलच्या फटीत नीट घाला, लिव्हर थोडी ओढून दोन्ही बाजूची भोकं दात्यांवर बसली का ते झाकण उघडं असतानाच बघा, मग बंद करा. यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, रिवाइंडची मूठ हलकेच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सैल फिल्म ताणून घ्या आणि मग लिव्हर ओढा, ओढताना डावीकडची ती मूठ उलटी फिरताना दिसली पाहिजे. फिरली म्हणजे फिल्म पुढे जातेय. फिरली नाही तर ३६ फोटो काढून हातात कोरा रोल येईल, कारण काउंटर तर पुढे जातच राहतो. दोन कोरे खटके मारून काउंटर १ वर आणा आणि डब्यावर जे आयएसओ, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, लिहिलंय ते कॅमेऱ्यात एएसए म्हणून लावा.

पहिला रोल कुठला? कलरमध्ये कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २००, ब्लॅक ॲण्ड व्हाइटमध्ये इल्फर्ड एचपी५ किंवा केंटमियर ४००. आपल्याकडच्या एप्रिल-मे च्या उन्हात ४०० चा रोल घालाल तर १/५०० च्या वर कॅमेरा जात नाही म्हणून ॲपर्चर सतत एफ १६ च्या आसपास ठेवावं लागेल आणि त्या सुंदर एफ १.७ ला हातच लावता येणार नाही. उन्हाळ्यात २०० किंवा १००, पावसाळ्यात आणि घरात ४००, एवढं धरून चाला. खर्चाचं म्हणाल तर रोल, धुणं आणि स्कॅन मिळून एका रोलला माझे हजार-दीड हजार सहज जातात, लॅबप्रमाणे कमीजास्त, म्हणजे एक फोटो तीस-चाळीस रुपयांना. त्यामुळे खटका दाबायच्या आधी आपोआप विचार होतो, आणि ते मला मनापासून आवडतं.

फोटो काढताना. लेन्सवरची टोपी काढा. हे सांगावंच लागतं कारण आपण वेगळ्या खिडकीतून बघतो, टोपी असली तरी समोरचं लख्ख दिसतं, आणि इलेक्ट्रोचा मीटरचा डोळाही लेन्सच्या बाहेर असल्यामुळे कॅमेराही काही सांगत नाही. भाचीच्या बारशाचे सात-आठ फोटो माझे असे गेले आणि त्याचं वाईट अजून वाटतं. तेव्हापासून मी टोपी वापरतच नाही, ५५ एमएमचा साधा यूव्ही फिल्टर कायम लावलेला असतो. रंगीत फिल्टर लावायचा झाला तर मात्र मीटरला तो कळत नाही हे लक्षात ठेवा, पिवळा लावला तर ४०० च्या रोलला एएसए २०० करायचं.

डाव्या हाताची बोटं कुठे आहेत ते बघा, रेंजफाइंडरच्या खिडकीवर बोट आलं की चौकोन गायब होतो आणि मीटरच्या डोळ्यावर आलं की फोटो पांढराफटक.

सुरुवातीला ॲपर्चर एफ ८ ठेवा आणि फोकस ५ मीटरवर. साधारण ३ मीटरपासून १२ मीटरपर्यंत सगळं नीट येतं, म्हणजे रस्त्यावर, जत्रेत, मंडईत फोकस करत बसायची गरजच नाही, कॅमेरा उचलला आणि दाबला. पोर्ट्रेट काढायचं तर एफ १.७ ला या, पण १ मीटरवर जेमतेम ५ सेंटिमीटर एवढाच भाग फोकसमध्ये असतो, तेव्हा चौकोन बरोबर डोळ्यावर, चष्मा असेल तर चष्म्याच्या काडीवर नाही, बुबुळावर जुळवा आणि जुळवल्यावर स्वतः पुढेमागे डुलू नका. ०.८ मीटरच्या आत फोकस होत नाही, ताटातल्या मोदकाचा क्लोजअप याच्याकडून मागू नका.

पिवळा दिवा लागला म्हणजे फोटो येणार नाही असा अर्थ नाही. कॅमेरा भिंतीवर, कठड्यावर टेकवा, श्वास सोडा आणि दाबा. लीफ शटर आहे, म्हणजे लेन्समध्येच बसवलेली पाती, आणि एसएलआरसारखा आरसा उडत नाही, त्यामुळे हादरा फार कमी आणि आवाजही जवळजवळ नाही. देवळात, कीर्तनात, झोपलेल्या बाळाजवळ याचा किती उपयोग होतो ते वापरल्यावरच कळेल.

प्रवासात बॅटरी संपली तरी रोल वाया जात नाही. शटर १/५०० ला अडकलंय असं धरा आणि ४०० चा रोल असेल तर कडक उन्हात एफ १६, ऊन पातळ असेल तर एफ ११, ढगाळ असेल तर एफ ८, दाट ढगात एफ ५.६. मी कोकणात एक अख्खा दिवस असाच काढलाय आणि फोटो चांगले आले.

रोल संपला की लिव्हर अडते, तिला ओढत बसू नका. तळाचं छोटं बटण दाबा, मूठ उघडून काट्याच्या दिशेने सावकाश फिरवा, शेवटी एकदम हलकं लागलं की झालं, तेव्हाच झाकण उघडा. भरलेला रोल गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. विमानाने जाणार असाल तर फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, नवीन सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात.

कॅमेरा ठेवायचा कुठे? चामड्याच्या केसमध्ये नाही, ते चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी तिथूनच लागते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करून घ्या, तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको. महिन्यातून एकदा बाहेर काढून दहा-बारा वेळा खटके मारा. बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा.

लॅबमधून नुसते स्कॅन घेऊन येऊ नका, निगेटिव्ह मागून घ्या, पहिल्या रोलचं तर नक्कीच, कारण कॅमेऱ्याला काय झालंय ते तिथेच दिसतं. पट्टी खिडकीपाशी धरा. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे आहेत पण मधल्या चौकटी कोऱ्या, तर फिल्म पुढे गेलीच नाही किंवा टोपी राहिली. कडेचे आकडेही नाहीत तर धुण्यात गडबड, लॅबला विचारा. चौकटी गडद काळ्या म्हणजे उजेड जास्त पडलाय, एक-दोन असतील तर तुमचा अंदाज चुकला, सगळ्याच तशा असतील तर तो रबराचा पॅड आठवा. फिक्या म्हणजे उजेड कमी. चौकटीच्या बाहेर कडेपर्यंत गेलेले काळे ओघळ म्हणजे फोम, तेव्हा लोकर पुन्हा नीट बसवा. आणि पहिल्या रोलला एका छोट्या वहीत फोटोचा नंबर, ॲपर्चर, ऊन होतं की ढग, दिवा लागला होता का, एवढं लिहून ठेवलेलं असेल तर ती वही आणि ती पट्टी शेजारी शेजारी ठेवून बसा, दुसऱ्या रोलला काय बदलायचं ते अर्ध्या तासात कळतं.